आमची वाटचाल: वर काय ठेवणार, ते आधी सांगा

आम्ही माळे, कड्या आणि सीलिंगच्या चौकटी बांधतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. भागीदार वेल्डर, मी सुताराच्या घरातला. पहिली कामं जुन्या ठाण्यातली, खारकर आळी, चरई, महागिरी भागातल्या कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या घरांची. भिंतीत गेलेलं कडीचं टोक ओलीनं कुजायचं. बाहेरून ऑइलपेंट चकचकीत, पेचकस टोचला की भुसा!

त्या घरांच्या मूळ सुतारांनी खण लहान ठेवले होते, त्यामुळे कडी फार लांब जातच नसे. पुढे कुणाला मोठा हॉल हवा झाला, मधला खांब निघाला आणि वरची जमीन लचकू लागली. मालक म्हणायचे, "लाकूड तर सागाचं आहे!" सागाचं असलं तरी हिशेब चुकत नाही. ३ इंच रुंद, ८ इंच उंच सागाची कडी, दीड फुटावर एक, घरगुती वजन धरून दोन टेकूंमधलं अंतर १२ फूट असेल तर मध्यावर साधारण ६ मिलिमीटर झुकते. तीच १६ फुटांवर नेली तर जवळजवळ २० मिलिमीटर, कारण झुकणं लांबीच्या चौथ्या घातानं वाढतं. मोडणार नाही ती. पण खाली प्लास्टरचं सीलिंग असेल तर लांबीच्या ३६० व्या भागापर्यंतच झुकलेलं चालतं, म्हणजे इथे १३ मिलिमीटर. आणि कडी जाड करण्यापेक्षा उंच करावी: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, उंची दुप्पट केली तर आठपट. आडवी टाकलेली फळी आणि उभी टाकलेली फळी यातला फरक आमच्याकडचा नवा पोरगाही पहिल्या आठवड्यात शिकतो.

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे इथल्या गाळ्यांत पोटमाळ्यांची कामं मिळू लागली आणि लाकडाची जागा लोखंडी चॅनल आणि आय-बीमनं घेतली. धंदा खरा तिथे वाढला. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "२० फुटांना कुठला गर्डर लागेल?" आम्ही उलट विचारतो, वर काय ठेवणार? आयएस ८७५, म्हणजे इमारतीवरच्या वजनांचं भारतीय मानक, त्याप्रमाणे राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो धरतात, दुकानाला ४००. छापखान्यात मात्र एक मीटर उंच रचलेला कागदच ७०० किलोच्या पुढे जातो. ऑफिस म्हणून बांधलेल्या माळ्यावर कागदाचे रीम चढले की गर्डर तोच, पण टेकूंमधलं त्याचं सुरक्षित अंतर कितीतरी कमी होतं. यावर गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्याकडे जातं. जाऊ दे.

सीलिंगच्या चौकटीचं दुखणं वेगळंच. ती फक्त बोर्ड, दिवे आणि दुरुस्तीला चढणारा एखादा माणूस एवढ्यापुरतीच बेतलेली असते. वर पोकळी दिसली की गणपतीचं मखर, जुन्या बॅगा, फायली हळूहळू तिथे सरकतात. म्हणून हल्ली कोटेशनमध्येच विचारतो: सीलिंग की माळा? माळा असेल तर कड्या उंच आणि जवळ जवळ, दर वेगळा.

हिशेब आता आमच्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई तपासतात, त्यांच्या सहीशिवाय कटिंग सुरू होत नाही. ३० वर्षांपुढच्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागतो. काम संपलं की माळ्यावर किती किलो चालतील याची पाटी जिन्याजवळ लावतो. काही जण ती काढून ठेवतात, म्हणून हल्ली वेल्डच करून टाकतो.