पाहुण्यांचे टेबल

आमच्या कलाविद्यालयात दरवर्षी कॉमिक्स, कथाचित्रे आणि अ‍ॅनिमेशन या तीन कलांचा महोत्सव भरतो. माझ्या विद्यार्थिदशेत त्यासाठी आलेले पाहुणे कलाकार मला आजही चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या हातांवरून अधिक स्पष्ट आठवतात. याचे कारण महोत्सवाच्या आखणीतच होते. पाहुण्यांना मंचावर बसवायचे, त्यांचे भाषण ऐकायचे आणि टाळ्यांच्या गजरात निरोप द्यायचा, हा सर्वत्र रुळलेला शिरस्ता आमच्या शिक्षकांनी जाणीवपूर्वक मोडला होता. सभागृहाच्या मधोमध एक लांबरुंद टेबल, त्यावर उतरता ड्रॉइंग बोर्ड आणि चांगल्या प्रकाशाचा दिवा एवढीच तयारी असे. पाहुण्यांनी सध्या हाती असलेले काम सोबत आणावे आणि ते आमच्यासमोर पुढे न्यावे, अशी विनंती निमंत्रणपत्रातच केलेली असे. छापलेल्या पानावर खोडलेली रेघ उरत नाही आणि तयार चित्रपटात वगळलेले दृश्य दिसत नाही. शिकणाऱ्याला मात्र नेमके तेच पाहायचे असते, ही त्यामागची भूमिका होती आणि ती मला पूर्णपणे पटलेली आहे.

कॉमिक्स काढणारे कलाकार बहुधा पहिल्या दिवशी येत. त्यांतील एका ज्येष्ठ चित्रकाराने मूळ कागदाला हात लावण्यापूर्वी तळहाताएवढ्या कागदांवर त्याच पानाचे अनेक कच्चे आराखडे काढले आणि प्रत्येकात वाचकाची नजर कोणत्या वाटेने शेवटच्या चौकटीपर्यंत जाते, हे बोटाने दाखवले. उजव्या पानावरील शेवटची चौकट ही उत्सुकता धरून ठेवण्याची जागा असते, म्हणून रहस्याचा उलगडा पान उलटल्यावरच दिसला पाहिजे, हे त्यांनी आराखडे पुढेमागे सरकवत समजावले. त्यांची रेखाटने फिकट निळ्या पेन्सिलीत असत. छपाईसाठी पानाचे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर तो निळा रंग उमटत नसे, त्यामुळे शाईकाम झाल्यावर पेन्सिल खोडण्याची गरज पडत नसे. स्कॅनर आल्यानंतरही त्यांनी ती सवय कायम ठेवली होती. रेघ ओढताना ते मनगट वळवण्याऐवजी कागद फिरवत आणि निब नेहमी स्वतःकडे ओढत, कारण पुढे ढकललेली निब कागदाच्या तंतूंत अडकून शाई उडवते. एवढी माहिती पुस्तकातूनही मिळाली असती. पण चुकलेली रेघ पांढऱ्या रंगाने झाकून, तो वाळेपर्यंत थांबून, त्याच जागी पुन्हा निश्चिंतपणे रेघ ओढणारा हात पाहिल्यावर आमच्यातील अनेकांच्या मनातील शाईची भीती गेली.

त्या सर्व वर्षांतील सर्वांत उपयोगी प्रात्यक्षिक माझ्या मते संवादाच्या फुग्यांचे होते. ते ज्यांनी दाखवले, त्या बाई चित्रे काढत नसत. इतरांच्या चित्रकथांसाठी त्या हाताने अक्षरे लिहीत. रोमन लिपीतील कॉमिक्समध्ये बहुधा मोठ्या लिपीतील एकाच उंचीची अक्षरे वापरली जातात, त्यामुळे ओळी एकमेकींच्या जवळ बसतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लोंबतात. वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीवर आदळू नये म्हणून ओळींत अधिक अंतर ठेवावे लागते आणि चित्रकाराने इंग्रजी कॉमिक्स पाहून आखलेला फुगा मराठी मजकुराला अपुरा पडतो. म्हणून त्या आधी अक्षरे लिहीत आणि नंतर त्यांच्याभोवती फुग्याची रेघ फिरवत. एखाद्या ठिकाणी टक्कर टळतच नसेल, तर ओळ वेगळ्या जागी तोडत किंवा एखादा शब्द बदलता येईल का, असे लेखकाला विचारत. शिरोरेषेसाठी त्यांनी पट्टी वापरली नाही. आरोळीसाठी ती जाड आणि घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यासाठी किंचित थरथरती होत असे. आधी बोलणारे पात्र चौकटीत डावीकडे उभे केले, तरच वाचनाचा क्रम नैसर्गिक राहतो आणि फुग्यांची शेपटे एकमेकांना छेदत नाहीत, हेही त्यांनीच आम्हाला प्रथम दाखवले. मुखपृष्ठावर क्वचितच नाव येणाऱ्या या कलाकाराला महोत्सवाची प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणे, हा आमच्या शिक्षकांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

अ‍ॅनिमेशनच्या दिवशी टेबलावर प्रकाशपेटी, म्हणजे वरच्या काचेतून उजेड देणारी पेटी, येई आणि कागद एकाच जागी बसावेत म्हणून खुंट्यांची पट्टी लावली जाई. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या चित्रपटनिर्मिती संस्थेत आले आणि तेथील कार्टून विभागातील तरुणांना त्यांनी प्रशिक्षण दिले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांच्या कारकिर्दीची सुरुवात याच विभागात झाली. आमच्याकडे आलेले एक वयोवृद्ध अ‍ॅनिमेटर त्या पिढीच्या हाताखाली शिकलेले होते. सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे काढावी लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटात एकच पात्र सतत हलते ठेवायचे, तर ७,२०० चित्रे होतात, हा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला आणि लगेच पुसून टाकला. त्यानंतर त्यांनी आम्हाला सभागृहात एकेक करून चालायला लावले. पावले सर्वाधिक फाकलेली असताना शरीर खाली येते आणि एक पाय दुसऱ्याच्या बाजूने पुढे जाताना डोके वर उचलले जाते, हे आम्ही एकमेकांच्या चालीत शोधले आणि मगच कागदाकडे वळलो. पाच कागद बोटांच्या बेचक्यांत धरून ते पुढेमागे उलटवत आणि चित्र हलू लागले की क्षणभर थांबून एखाद्या गुडघ्याची रेघ बदलत. ती रेघ का बदलली, हे त्यांना शब्दांत सांगता येत नसे. पुन्हा कागद उलटले की आम्हाला ते दिसत असे.

एका वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथीकार आले. हातांनी रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून, त्यांतील एकेक चित्र पुढे करत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गाणारी ठाकर समाजाची ही परंपरा आहे. त्यांना लोककलेच्या वेगळ्या कार्यक्रमात न बसवता कॉमिक्सच्या कलाकारांसोबत त्याच टेबलावर बसवले होते आणि त्यामुळेच त्या दिवशीची चर्चा रंगली. एक चित्र किती वेळ समोर ठेवायचे, हे कथेकऱ्याच्या गाण्यावर ठरते, तर कॉमिक्समध्ये ते चौकटीच्या रुंदीवर आणि मजकुराच्या लांबीवर ठरते. वेळ हाताळण्याच्या या दोन रीती शेजारी-शेजारी पाहताना चित्रकथेची जमीन आपल्या पायांखालीही होती, याचा मला झालेला आनंद आजही कमी झालेला नाही.

पुढे डिजिटल पद्धतीने काम करणारे पाहुणे येऊ लागले आणि टेबलावरील कागदाची जागा पेन-टॅब्लेटने घेतली. येथे एक अडचण निर्माण झाली. चूक एका कळीने नाहीशी होत असल्यामुळे आम्हाला पाहायची असलेली धडपडच अदृश्य होऊ लागली. शिक्षकांनी त्यावर चांगला तोडगा काढला. पाहुण्यांना चित्राचे टप्पे एकावर एक वेगळ्या थरांत साठवलेली मूळ फाइल उघडून, एकेक थर बंद करत, काम उलट्या क्रमाने दाखवण्याची विनंती ते करू लागले.

फ्रान्समधील आंगुलेमचा कॉमिक्स महोत्सव १९७४ मध्ये सुरू झाला. तेथे वाचक रांगेत उभे राहतात आणि कलाकार त्यांच्या पुस्तकावर चित्र काढून सही करतात. त्या प्रथेमागील जिव्हाळ्याचा मला आदर वाटतो. मात्र सहीचे चित्र हे कलाकाराच्या हातात मुरलेले चित्र असते आणि आमच्या टेबलावर जे घडत असे, ते अजून न जमलेले चित्र होते. आलेल्यांपैकी काहींना हे अवघड जाई. एका नामवंत कथाचित्रकारांनी आरंभी नकार दिला होता, परंतु आल्यावर जेवणाची सुटी विसरून ते एका म्हाताऱ्या स्त्रीच्या बसण्याची ढब शोधत राहिले आणि ती रेखाटने त्यांनी विद्यालयाच्या संग्रहाला दिली.

या टेबलावर एका कलाकाराची जागा अद्याप रिकामी आहे, असे मला बरेच दिवस वाटत होते. अ‍ॅनिमेशनपटातील पार्श्वचित्रे रंगवणारी माणसे दृश्याचा प्रहर, प्रकाशाची दिशा आणि पात्राला हालचालीसाठी मोकळी ठेवायची जागा ठरवतात, तरीही आमच्याकडे त्यांना कोणी बोलावले नव्हते. शिक्षकांना मी तसे सविस्तर पत्राने कळवले आणि यंदाच्या पाहुण्यांच्या यादीत अशा एका चित्रकर्तीचे नाव आले आहे.