पायपेटी अपडेट: दुसऱ्या कडव्याचं भूत उतरलं

मागच्या अपडेटमध्ये भात्याला शिव्या घातल्या होत्या ना, त्या मागे घेतो. 'नायसिया' (म्हणजे 'होली, होली, होली' या इंग्रजी ख्रिस्ती भजनाची चाल) दुसऱ्या कडव्यात कोसळत होती ती माझ्यामुळेच.

पहिलं कडवं घरचे चौघंही मस्त म्हणतात. चालच तशी आहे, सा सा ग ग प प आणि लगेच धैवत, सगळं सा ते तार सा एवढ्यात बसतं. चाल बांधणारा डाइक्स 1849 पासून इंग्लंडातल्या डरहॅम कॅथेड्रलमध्ये प्रीसेंटर (चर्चमधल्या गाण्याचा प्रमुख) होता, साध्या गळ्याला काय झेपतं हे त्याला माहीत असणारच. पण दुसरं कडवं आलं की मी पुढे नि गाणारे मागे. तीन आठवडे हेच चाललेलं, भाता गळतोय समजून चामडंसुद्धा बदललं (ऑनलाइन मागवू नका, माझं पुठ्ठ्यासारखं आलं, पेटीवाल्याकडे जाऊन हाताने चाचपून घ्या, आणि चिकटवायला सरसच).

शनिवारी वैतागून अक्षरं मोजली. पहिल्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळी 11, 12, 12. दुसऱ्याच्या 12, 13, 13! म्हणजे पहिल्या कडव्यात जिथे 'लॉर्ड' दोन मात्रा लांबतो तिथेच 'ऑल द' बसवायचं, 'मॉर्निंग'मधल्या 'मॉर्'च्या जागी 'गोल्डन'. मी आपला कॉर्ड (चार सूर एकत्र) धरून बसलोय आणि लोकांच्या तोंडात अजून एक अक्षर शिल्लक! बरं, शब्द बिशप हेबरचे, तो 1826 मध्ये त्रिचनापल्लीला वारला तेव्हा डाइक्स तीन वर्षांचा, आणि चाल छापली गेली 1861 मध्ये, त्यामुळे 'एक अक्षर काढा हो' म्हणायची सोयच नव्हती.

अख्खा कॉर्ड दोनदा दाबला तर ठोकळा वाटतो. म्हणून खालचे तीन सूर धरून ठेवले आणि फक्त वरचा करंगळीने परत दाबला. बास! काल दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या 'बी' या शब्दाला सगळे एकदम थांबले, कुकरच्या शिट्टीसकट.

आता डाइक्सचीच दुसरी चाल 'मेलिटा' घेणार होतो, प्रत्येक ओळ 8 अक्षरांची, डोक्याला ताप नाही. पण हे टाइप करता करता पुढची दोन कडवी मोजली तर तिसरं 12, 13, 12 आणि चौथं 11, 13, 12. चारही वेगळी! शिवाय माझ्या पुस्तकात सा पांढरी तीनचा (ई) आहे, बाबांना तार सा टोचतो, तेव्हा एक सूर खाली, पांढरी दोनमध्येही (डी) उतरवायला हवं. मेलिटा राहू दे, आधी पेन्सिल शोधतो.