नाक धुण्याची बाटली आणि आमच्या टाकीतलं पाणी

टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होतात. टर्किश टॉवेल झटकला की कापसाचे बारीक तंतू उडतात. ते केसांवर बसतात, पापण्यांवर बसतात आणि श्वासाबरोबर नाकात जातात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी बरीच वर्षं हे काम करते आहे. कामाबद्दल तक्रार नाही, घर त्याच्यावर चाललंय. पण सायनसचा त्रास ज्याला आहे त्यालाच कळेल, की अशा ठिकाणी आठ तास उभं राहणं म्हणजे काय असतं.

माझं नाक एका बाजूने सतत बंद असायचं. रात्री तोंड उघडं ठेवून झोपायचं आणि सकाळी घसा कोरडाठाक. खाली वाकून बंडल उचललं की कपाळ जड व्हायचं, डोळ्यांखालचं हाड ठणकायचं. वरच्या दाढा दुखायला लागल्या म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर दाढा चांगल्या निघाल्या. घशात मागच्या बाजूने काहीतरी चिकट उतरत राहायचं, त्यामुळे सारखी खाकरायची सवय लागली. सगळ्यात वाईट म्हणजे वास जायला लागला. चटणीसाठी शेंगा भाजायला ठेवल्या आणि करपल्या तरी मला पत्ता नाही, बाहेरून सासूबाई ओरडत आल्या तेव्हा कळलं. सोलापूरच्या घरात शेंगा करपल्याचा वास न येणं ही साधी गोष्ट नाही.

घरगुती उपाय सगळे झाले. ओव्याची पुरचुंडी, सुंठीचा लेप, निलगिरीची वाफ. वाफेनं बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. आमच्यातल्या बऱ्याच जणी मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणतात. ते घातले की मिनिटा-दोन मिनिटांत श्वास सुरू होतो, म्हणून हात परत परत त्याच बाटलीकडे जातो. डॉक्टरांनी याबद्दल स्पष्ट सांगितलं: हे थेंब तीन-चार दिवसांपुरते. जास्त दिवस घातले तर औषध उतरताच नाकातली सूज आणखी वाढते आणि थेंबांशिवाय नाक उघडत नाही.

कान-नाक-घशाच्या या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं, सीटी स्कॅन करून घेतला. नाकाचा पडदा थोडा वाकडा आणि गालांमागच्या दोन्ही पोकळ्यांत सूज. बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली सायनसची सूज जुनाट धरतात, माझी तर केव्हाच त्याच्या पुढे गेली होती. त्यांनी कागदावर चित्र काढून जे समजावलं ते मी कधी विसरणार नाही. आपल्या चेहऱ्यात अशा पोकळ्यांच्या, म्हणजेच सायनसच्या, चार जोड्या असतात: कपाळात, गालांमागे, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि त्याहून मागे खोलवर. यातल्या गालामागच्या पोकळीचं तोंड तळाशी नसतं, वरच्या अंगाला असतं. म्हणजे आत तयार होणारा पातळ चिकट द्राव आपोआप खाली वाहून जात नाही. आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते रात्रंदिवस हलत हा द्राव वर ढकलत तोंडाशी आणतात. सूज आली, द्राव घट्ट झाला किंवा धूळ साचली की हे केस थकतात आणि माल आतच अडकतो. मग जंतूंना आयती जागा.

औषध म्हणून त्यांनी स्टेरॉईडचा नाकात मारायचा स्प्रे दिला आणि त्याआधी रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. धुतल्याने पोकळ्यांच्या आतपर्यंत फारसं पाणी पोचत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण नाकाच्या मुख्य वाटेतली धूळ आणि घट्ट द्राव निघून जातो, पोकळ्यांची तोंडं मोकळी राहतात, त्या केसांना पुन्हा काम करता येतं, आणि नंतर मारलेला स्प्रे शेंबडावर न बसता अस्तरापर्यंत पोचतो. मला हे पटलं. रोज दाराशी साचणारा कचरा रोज झाडला तरच आतलं गटार वाहतं, तसं.

नाक धुवायची बाटली घरी आणली, ती बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर जलनेती! आमच्या योगाच्या वर्गात सर शिकवतात की." खरंच आहे. हठयोगातल्या धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा क्रियांमधली ती एक. त्यांनी कपाटातून चोचीचं छोटं तांब्याचं नेतीपात्र काढून दाखवलं. नेतीपात्रात पाणी स्वतःच्या वजनाने हळूहळू एका नाकपुडीतून जातं आणि दुसरीतून येतं. माझी प्लॅस्टिकची बाटली दाबायची असते, त्यामुळे पाण्याला थोडा जोर मिळतो. रबरी फुग्याच्या पिचकाऱ्याही मिळतात, पण त्यांच्या आत डोळ्यांनी दिसत नाही आणि धुऊन कोरड्या करता येत नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या नाहीत. बॅटरीवर चालणारी यंत्रंही आहेत. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी दाबायची बाटली पुरे. ज्यांना जोराच्या पाण्याने कानात दडे बसतात, त्यांना नेतीपात्र सौम्य पडतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे पाण्याचं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण बाटली कुणीही विकत आणतं आणि पाण्याचा विचार कुणी करत नाही.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की हौद, पिंप, गच्चीवरची काळी टाकी भरून ठेवायची आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं, हे सोलापुरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी टाकीचा नळ सोडला तर हाताला चटका बसतो. हे साठवलेलं कोमट पाणी नाकात घालायचं नाही. कारण 'नेग्लेरिया फाउलेरी' नावाचा एक अमिबा गोड्या, कोमट पाण्यात वाढतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि त्या आजारातून फार थोडे वाचतात. आजार अतिशय दुर्मीळ आहे, हे खरं. पण 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात दोन माणसं नेतीपात्रात नळाचं पाणी वापरून दगावली. आपल्याकडे 2024 मध्ये केरळात अशा अमिबाच्या आजाराने मुलं गेली, तेव्हा आपल्याही बातम्यांमध्ये ते आलं होतं. पिण्याच्या पाण्याला जो नियम लागतो तो नाकाच्या पाण्याला पुरत नाही, कारण पोटात आम्ल असतं आणि नाकात तसं काही नसतं. घरातल्या फिल्टरचं पाणीसुद्धा मी उकळूनच वापरते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे: डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी घ्या, नाहीतर नळाचं पाणी तीन ते पाच मिनिटं उकळून गार करा, आणि झाकून ठेवलेलं ते पाणी चोवीस तासांच्या आत वापरा. मी रात्री ओटा आवरला की स्टीलच्या छोट्या पातेल्यात पाणी ठेवते. खळखळ उकळी फुटली की घड्याळाकडे बघायचं, पुरी पाच मिनिटं. मग झाकण ठेवून तसंच निवू द्यायचं. चोवीस तासांनी उरलेलं पाणी टाकून देणं सुरुवातीला जिवावर यायचं, सोलापुरात पाणी कोण टाकतं? ते मी तुळशीला घालते.

आणि एक गोष्ट आपल्या बायकांना मुद्दाम सांगते. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालायची आपल्याला सवय आहे. इथे विसण घालायचं नाही. उकळलेलं पाणी फार गरम वाटलं म्हणून त्यात माठातलं तांब्याभर ओतलं, तर सगळ्या उकळण्याचं मातेरं झालं. गरम असेल तर थांबायचं, गार झालं असेल तर तेच पुन्हा थोडं तापवायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघते, बाळाचं दूध बघतो तितकं कोमट हवं.

मिठाचं गणित सोपं आहे. आपल्या शरीरातल्या पाण्याइतकंच खारट पाणी नाकाला झोंबत नाही. ते प्रमाण लिटरला नऊ ग्रॅम. बाटली 240 मिलिलिटरची, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर मीठ. नुसतं साधं पाणी नाकात गेलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत झोंबतं, पोहताना नाकात पाणी गेलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. घरातलं पाकिटातलं मीठ आयोडीनचं असतं, शिवाय ते मोकळं राहावं म्हणून त्यात इतरही काही मिसळलेलं असतं. काहींच्या नाकाला ते सोसत नाही. म्हणून मी मेडिकलमधल्या मापाच्या पुड्या वापरते, त्यात मीठ आणि खायचा सोडा ठरलेल्या प्रमाणात असतो. एक पुडी, एक बाटली, डोकं लावायचं काम नाही.

पहिल्या वेळी बेसिनसमोर उभी राहिले तेव्हा भीती वाटत होती. गुदमरल्यासारखं होईल, पाणी घशात जाईल, असं वाटत होतं. डॉक्टरांनी शिकवलेलं मनात घोकलं. कमरेतून वाकून तोंड बेसिनवर आणायचं, हनुवटी छातीकडे. बाटलीचं टोक नाकपुडीला बेताचं टेकवायचं, आत खुपसायचं नाही. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि बाटली दाबताना 'अऽऽ' असा लांब आवाज काढायचा. आवाज काढला की टाळूची मागची बाजू वर उचलली जाते आणि पाणी घशात उतरत नाही. मी हळूच दाबलं. नाकाच्या मुळाशी कोमट भरल्यासारखं झालं, एक क्षण काहीच नाही, आणि मग दुसऱ्या नाकपुडीतून धार आली. पांढऱ्या बेसिनमध्ये जे पडलं ते निळसर होतं. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर गडद निळ्या टॉवेलांची ऑर्डर सुरू होती. तो रंग माझ्या नाकात होता. शेंबडाच्या लडीत बारीक बारीक निळे तंतू गुंतलेले मी बोटाने वेगळे करून बघितले. घाण वाटायच्या ऐवजी मला रडू आलं, इतकं सगळं मी आत घेऊन फिरत होते.

धुऊन झालं की नाक शिंकरायची घाई करू नये. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाच्या नळीत जातं आणि कान दुखतो. एकेक बाजू मोकळी ठेवून हलकं शिंकरायचं, मग पुन्हा वाकून डोकं डावी-उजवीकडे करायचं. तरीही अर्ध्या तासाने एखाद वेळी भाजी चिरताना नाकातून टपकन पाणी पडतं. त्यामुळे मी झोपायच्या अगदी तोंडावर कधी धुत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी स्प्रे. तोही उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो आणि नाकातून रक्त येत नाही.

बाटलीही साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने विसळून, उपडी ठेवून सुकवायची. ओली बाटली झाकण लावून ठेवली तर जंतू तिथेच वाढणार. काही महिन्यांनी ती बदलायची.

फरक लगेच पडला नाही. आधी घशात उतरणारं चिकट कमी झालं, मग सकाळचं जडपण. वास सगळ्यात शेवटी आणि तुटक तुटक परत आला. आधी कांदा, मग साबण. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर धूळच धूळ असते. पूर्वी गड्डा करून आलं की पुढचे कित्येक दिवस डोकं धरून बसायचे. आता घरी आलं की आधी नाक धुते, मग चहा. अजूनही नाक बंद होतं, पण त्याला उघडायचा रस्ता माझ्या हातात आहे.

कारखान्यातल्या मावश्या आणि ताया आता विचारत येतात. मी डबा खाताना सगळं सांगते आणि पाण्यावर अडून बसते. आमच्यातल्या एका वहिनींचा कान वाहतो. त्यांना मी स्पष्ट म्हटलं, तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा, त्याशिवाय बाटलीला हात लावू नका. ज्यांची एक बाजू पूर्ण बंद आहे त्यांनीही जोर लावू नये, पाणी परत फिरून कानाकडे जातं. ताप, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं किंवा सहन न होणारी डोकेदुखी असेल तर नाक धुण्यात वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मास्क आम्ही सगळ्यांनी मिळून मागून घेतले आणि आता ते मिळतात. उन्हाळ्यात शेडमध्ये ते लावून ठेवणं अवघड जातं, तरी मी लावते आणि शेजारणीलाही लावायला लावते.

माझा वाकडा पडदा पाण्याने सरळ होणार नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, औषधावर भागतंय तोवर भागवू, नाहीतर दुर्बिणीचं ऑपरेशन करू. मी विचारलं, मग तरी हे धुणं सुटेल का? ते म्हणाले, ऑपरेशननंतर आतल्या खपल्या निघून जाव्यात म्हणून उलट जास्त वेळा धुवावं लागतं. म्हणून पुड्यांचा मोठा डबा आणून ठेवलाय.