बंद लेथपाशी

लाकूड कातणाऱ्या हौशी मंडळींच्या मेळाव्याला गेले होते. तिथे तीन लेथ होते, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायची यंत्रं. त्यातल्या ज्या लेथपाशी मी सगळ्यात जास्त वेळ काढला, त्याचा प्लग काढून ठेवलेला होता. मेळाव्यात इतरही पुष्कळ झालं, पण लिहावंसं वाटलं ते त्या लेथमुळे.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रात्रभर गाडीत बसून गेले आणि मांडीवर हत्यारांची पिशवी होती. कातकामाची हत्यारं म्हणजे लांब दांड्याच्या पोलादी पट्ट्या. पन्हळीसारख्या पात्याचे दोन गाऊज, तिरप्या धारेची एक स्क्यू, तुकडा कापून वेगळा करायचं एक पार्टिंग टूल एवढंच घेतलं तरी खांदा भरून येतो. धारेला काही लागू नये म्हणून प्रत्येकाला जाड कापड गुंडाळलेलं, त्यामुळे पिशवी आणखी फुगलेली. शेवटची बस जिथून परत फिरते तिथून पुढे चालत गेले, आणि लेथचा आवाज ऐकूनच पत्ता सापडला.

यजमानांनी आपली शेड पूर्ण मोकळी केली होती. नावनोंदणी नाही, व्यासपीठ नाही, कुणाच्या गळ्यात ओळखपत्र नाही. दाराशी एक लांब टेबल होतं. आपण केलेली एक तरी वस्तू त्यावर ठेवायची आणि इतरांची कुठलीही बिनधास्त हातात घ्यायची, एवढाच नियम. हा नियम मला फार आवडला. प्रदर्शनात काचेपलीकडून पाहिलेली लाकडी वाटी निम्मीसुद्धा कळत नाही. तिचं वजन, कडेची जाडी, आतला उतार हे सगळं बोटांना समजतं. आणि कातकाम करणारा माणूस वाटी उचलली की आधी ती उलटी करतो. त्याला बूड बघायचं असतं. वाटी लेथवर कशी धरली होती ते बुडावर कळतं. स्क्रूची भोकं दिसतात, लाकूड पकडणाऱ्या चकच्या जबड्यांसाठी कोरलेली खाच दिसते, नाहीतर हे सगळं कातून टाकून बूड गुळगुळीत केलेलं असतं. त्या टेबलापाशी अनोळखी माणसं एकमेकांच्या वाट्या उलट्या करून बघत होती, आणि नाव विचारायच्या आधी “ही उलटी कशी धरली?” असं विचारत होती. पाहुणचार म्हणतात तो मला तिथे भेटला.

या उलट मोठ्या लेथपाशी. तिथे नुकत्याच तोडलेल्या ओल्या ओंडक्यातून मोठी वाटी काढण्याचं प्रात्यक्षिक होतं आणि सगळी गर्दी तिकडेच लोटली होती. ओलं लाकूड कातलं जाताना बघायला खरोखरच सुंदर दिसतं. लांबच लांब फिती सुटतात, डोक्यावरून उडत जातात, ओल्या लाकडाचा वास शेडभर पसरतो. दाखवणारे गृहस्थ हुशार होते आणि मनापासून सांगत होते. लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांच्या वेगाने गुणा, उत्तर सहा ते नऊ हजारांच्या आत ठेवा. म्हणजे दहा इंची तुकड्याला मिनिटाला सहाशे ते नऊशे फेरे. ओल्या वाटीची भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवा, कारण वाळताना ती लंबगोल होणार आणि मग तिला पुन्हा गोल करायला लाकूड शिल्लक हवं. हे सगळं खरं आणि उपयोगाचं. पण पुढच्या रांगेतल्यांनी हात उंच करून मोबाइल धरलेले, आणि मागच्यांना दिसत होती फक्त माणसांची डोकी. हात नेमका कुठे आहे, हत्याराचा दांडा किती खाली आहे, धारेचा कुठला भाग लाकडाला लागतोय हे चौथ्या रांगेतून कुणालाही दिसत नाही. असली प्रात्यक्षिकं म्हणजे करमणूक. त्यातून हात तयार होत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्या दिवशी ते आणखी पक्कं झालं.

गर्दीतून बाहेर पडले तेव्हा शेडच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या छोट्या लेथपाशी एक काका एकटेच बसले होते. लेथच्या दोन टोकांमध्ये त्यांनी हातभर लांबीचं गोल केलेलं लाकूड अडकवलं होतं. मी स्क्यू घेऊन आले आहे हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “वापरतेस की नुसती बाळगतेस?”

स्क्यू म्हणजे तिरप्या धारेची सपाट पटाशी, दोन्ही बाजूंनी घासलेली. सरळ दांडा, खुर्चीचा पाय, लाटण्यासारखी कुठलीही वस्तू कातायची तर तिच्याइतकं स्वच्छ काम दुसरं हत्यार करत नाही. तिच्याइतकी भीतीही दुसऱ्या कशाची वाटत नाही. धारेचा चुकीचा कोपरा फिरत्या लाकडाला लागला की क्षणात ती आत घुसते, हाताला हिसका बसतो आणि लाकडावर मळसूत्रासारखी खोल चर पडते. याला सगळे ‘कॅच’ म्हणतात. पुष्कळ हौशी लोक म्हणूनच स्क्यू विकत घेतात आणि खिळ्याला टांगून ठेवतात. “भीती वाटते,” असं मी काकांना सांगितलं.

त्यांनी प्लग काढला. जवळच एक शाळकरी मुलगा आपल्या वडिलांबरोबर आला होता. त्याला त्यांनी लेथच्या डाव्या टोकाला असलेलं हातचाक धरायला बसवलं. “लाकूड वरून खाली, हिच्या दिशेने फिरव. अगदी सावकाश. थांब म्हटलं की थांब.”

मग त्यांनी माझ्या स्क्यूच्या पात्यावर शाईने धारेच्या मध्यापासून एक रेघ मारली. म्हणाले, फीत सुटेल ती या रेघेच्या खालीच सुटली पाहिजे. वरचा टोकदार कोपरा लाकडापासून लांब. आणि क्रम पाठ करायला लावला: आधी हत्यार टूलरेस्टवर, म्हणजे ते टेकवायच्या आडव्या पट्टीवर, मग धारेमागचा उतार, म्हणजे पात्याची घासलेली तिरपी बाजू, लाकडावर, आणि धार सगळ्यात शेवटी.

मी तसं केलं. स्क्यूचा दांडा खाली, उताराची मागची कड लाकडाला टेकलेली. मुलाने चाक फिरवलं. काहीच कापलं गेलं नाही, लाकूड पोलादावरून नुसतं घासत सरकत राहिलं. “आता दांडा उचल. किती? केसभर.” उचलला. अजून काही नाही. आणखी थोडा. तेव्हा धारेच्या खालच्या भागात, रेघेच्या थोडं खाली, लाकडाचा एक धागा उभा राहिला. चाक फिरेल तसा तो लांबत गेला, वळला, माझ्या अंगठ्यावर येऊन पडला. इतका पातळ की त्यातून पात्यावरची शाई दिसत होती.

हे मला पूर्वी कधीच दिसलं नव्हतं. लेथ चालू असताना सगळं इतक्या वेगात होतं की फक्त निकाल हाती येतो. कापलं जाणं प्रत्यक्ष कसं होतं ते डोळ्यांना पकडता येत नाही. इथे धार लाकडात शिरताना, लाकडाचा तंतू वेगळा होताना, फीत वर येताना दिसत होती. मुलगा थांबला की फीत थांबायची, आणि मी वाकून बघायचे.

नंतर काकांनी मला मुद्दाम कॅच घ्यायला लावला. “कोपरा वर ने. ने, घाबरू नको, लेथला वीज नाही.” टोक लाकडाला लागलं. मुलाच्या हातातलं चाक जड झालं आणि अडकलं. पातं टूलरेस्टवर फिरून आत रुतलं होतं. कारण समोर दिसत होतं: त्या टोकामागे पात्याला आधार नव्हता, उतार लाकडापासून सुटलेला होता, म्हणून लाकूड टोकाला खाली खेचत होतं. मिनिटाला दीड हजार फेऱ्यांना जो हिसका बसतो तो हाच. सावकाश पाहिल्यावर त्यात घाबरण्यासारखं काही उरलं नाही, समजून घेण्यासारखं मात्र बरंच होतं.

मग निमुळतं कातणं. लाकूड एका बाजूला निमुळतं करायचं होतं. काकांनी आधी उलट दिशेने, बारीक टोकाकडून जाड भागाकडे कापायला लावलं. लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, उचकटल्या, पृष्ठभाग केसाळ झाला. मग जाड भागाकडून बारीक टोकाकडे. तो चकचकीत. गवताच्या पेंढीला तिरपा कापावा तसं आहे हे. उतरत्या बाजूने गेलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक काडीच्या खाली तिच्याहून लांब काडीचा आधार असतो. वाटीत लाकडाच्या रेषा आडव्या असतात म्हणून तिथे बाहेरून बुडाकडून कडेकडे आणि आतून कडेकडून मध्याकडे जायचं. हा नियम मी कितीतरी ठिकाणी वाचला होता. तो असा का आहे हे त्या बंद लेथवर बोटाने चाचपून कळलं.

मुलाचे वडील तेवढ्यात म्हणाले की तुम्ही तिघं जुन्या इजिप्तसारखं काम करताय. त्यांचं खरं होतं. लेथचं सगळ्यात जुनं ज्ञात चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात कोरलेलं आहे, साधारण इ.स.पू. ३०० च्या सुमाराचं. त्यात दोन माणसं आहेत. एक पट्टा ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. पट्टा पुढे-मागे ओढायचा, म्हणजे लाकूडही पुढे-मागे फिरणार आणि कापलं जाणार ते एकाच दिशेला. पायाने चालणारा काठीचा लेथही, ज्यात लवचीक काठी लाकूड परत उलटं फिरवते, असाच अर्धा वेळ रिकामा फिरतो. इंग्लंडमध्ये हाय विकम भागातल्या खुर्ची कारखान्यांना पाय पुरवणारे कारागीर विसाव्या शतकातही तो रानात मांडून वापरत होते. मला वाटतं हात असाच तयार होत आला असणार, सावकाश फिरणाऱ्या लाकडावर. मोटर आली आणि शिकायचा वेगसुद्धा तिनेच ठरवला.

शेवटी काकांनी प्लग लावला, वेग कमी ठेवला. मुलगा हात पुसत बाजूला उभा राहिला. आधी टूलरेस्ट, मग उतार, मग केसभर दांडा वर. बारीक सळसळ ऐकू आली आणि फीत सुटायला लागली. पॉलिश पेपर न लावता त्या लाकडावर खिडकीचा उजेड चमकत होता. काका एवढंच म्हणाले, “जोर लाकडावर देऊ नकोस. रेस्टवर दे.”

कातकाम हे पूर्वी वर्षानुवर्षं उमेदवारी करून मिळवायचं काम होतं, आणि कारखान्याचं गुपित कारखान्यातच राहायचं. हौशी लोकांनी एकत्र येऊन ते उघड वाटून घेणं हे अलीकडचं. अमेरिकेतली कातकाम करणाऱ्यांची संघटना १९८६ सालची, ब्रिटनमधली १९८७ ची. त्या काकांनी एका अनोळखी बाईसाठी अख्खी दुपार दिली आणि त्यांना त्याचं काहीच विशेष वाटत नव्हतं. मला फार वाटलं.

एका गोष्टीचा मात्र राग आला. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पॉलिश पेपरची धूळ इतकी झाली होती की खिडकीच्या उजेडाचा पट्टा दुधासारखा दिसत होता, आणि मास्क लावलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ढलप्या आणि फितींनी काही होत नाही, त्या खाली पडतात. धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धुळीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. शिसवीच्या जातीची लाकडं तर अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला लगेच त्रास देतात. चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल सगळे लावतात, कारण उडणाऱ्या लाकडाची भीती वाटते. धुळीची वाटत नाही. यजमानांना मी हे बोलले. त्यांनी मोठा पंखा दाराशी आणून बाहेरच्या दिशेने लावला. तो सकाळीच लागायला हवा होता. तेल लावून झालेल्या चिंध्या मात्र त्यांनी स्वतः फिरून गोळा केल्या आणि पाण्याच्या बादलीत टाकल्या. जवसाच्या किंवा टंगच्या तेलाची चिंधी चुरगळून ठेवली तर वाळताना आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

रात्री माळ्यावर झोपायची सोय होती. यजमान स्वतः ओसरीत झोपले. दुसरा दिवस धार लावण्यात गेला.

निघताना मोठ्या लेथवरच्या ओल्या वाट्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एक मला मिळाली, जाड भिंतीची, रेषांची तोंडं जिथे उघडी होती तिथे मेण लावलेली. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून ती मी कागदी पिशवीत, तिच्याच ढलप्यांमध्ये ठेवली आहे. दर आठवड्याला वजन करते आणि आधीच्या आकड्याखाली नवा लिहिते. ती एका बाजूने दबायला लागली आहे. लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, त्यामुळे असंच व्हायचं. वजन उतरायचं थांबलं की ती पुन्हा लेथवर चढवायची आहे, आणि तिचं बूड कुणी उलटं करून पाहिलं तर कसं दिसावं हे मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे.