वराडचा लिओ

"त्याला मत देणार? आडनाव बघितलंस का त्याचं?" गालाला फेस, न्हाव्याचा वस्तरा हवेत, आणि काका आरशातूनच मला विचारत होते.

विषय आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा. माणूस कामाचा आहे, हे त्यांनाही मान्य. पण धर्म वेगळा.

गंमत म्हणजे, जरा आधी हेच काका लिओ वराडकरबद्दल भरभरून बोलत होते. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, वडील मुंबईतून तिकडे गेलेले डॉक्टर, आणि २०१७ मध्ये मुलगा थेट आयर्लंडचा पंतप्रधान! "आपल्या मातीतला पोरगा!"

तो देश बहुसंख्य कॅथलिक. याचे वडील हिंदू, आडनाव अस्सल मालवणी.

लिओच्या, तिथल्या सत्ताधारी फिन गेल पक्षाने नेता निवडताना तेच बघितलं असतं, तर काकांनी आज कौतुक कुणाचं केलं असतं?