पन्नाशी गाठेपर्यंत गाडी जगणार कशी? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"चार श्रीमंतांच्या छंदासाठी कायदा कशाला बदलायचा?" जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम बदला या निवेदनावर सह्या गोळा करायला लागल्यापासून हा प्रश्न मला लग्नकार्यात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "2021 ला व्हिंटेजचा नियम झाला ना? मग आता काय राहिलं?" उभ्या उभ्या उत्तर देऊन मी थकले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

2021 चा नियम चांगला आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर असेल तर तो राहतो, नसेल तर 'व्हीए' मालिकेतला मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुढे 10 वर्षांनी 5,000. ज्यांच्या गॅरेजमध्ये स्वातंत्र्यापूर्वीच्या गाड्या आहेत त्यांची सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण म्हणजे श्रीमंतांचा प्रश्न तेव्हाच सुटला. मी सह्या मागते त्या उरलेल्यांसाठी, ज्यांच्या गाड्यांनी अजून पन्नाशी गाठलेली नाही.

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची. नंतर दर 5 वर्षांनी तपासणी, फी, पर्यावरण कर. 1986 साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी मोटार व्हिंटेज होणार 2036 ला. तोवर तिला रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचेच नियम. नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपर्यंत चारचाकीला 600 रुपये होती, ती 5,000 झाली. 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. दुचाकीला 300 चे 1,000 झाले आणि आता 2,000. आकुर्डीची चेतक स्कूटर, म्हैसूरची येझदी मोटारसायकल, कुर्ल्याची पद्मिनी यांच्या मालकांत श्रीमंत किती असतील, तुम्हीच सांगा. निवृत्त शिक्षक असतात, एसटीत नोकरी केलेले असतात, वडिलांची स्कूटर विकवत नाही म्हणून ठेवलेली मुलं असतात.

आता काकूंच्या गाडीबद्दल. मी यात पडले ती त्यांच्यामुळे, आणि हे मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

आमच्या शेजारच्या काका-काकूंकडे पांढरी पद्मिनी होती. काका होते तोवर दर रविवारी बॉनेट उघडं. स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा त्यांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेला. शेवटच्या आजारपणात नूतनीकरण राहून गेलं आणि ते गेल्यावर काकूंनी ठरवलं की गाडी मुलाच्या नावावर करायची. आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, हाताने लिहिलेलं जुनं पुस्तक होतं. आरटीओच्या खिडकीवर सांगण्यात आलं, "ही गाडी सिस्टीममध्ये दिसत नाही." आधी नोंद चढवा, मग वारसाचं नाव, मग नूतनीकरण. नोंद चढवायला मूळ रजिस्टर हवं, ते गाडी पहिल्यांदा नोंदली त्या जिल्ह्यात. तिथे त्या वर्षाचं रजिस्टर सापडेना. मी काकूंबरोबर दोन्हीकडे जात होते. कुणी उद्धटपणे बोललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. खिडकीतल्या बाई तर मनापासून शोधत होत्या. पण नियमाच्या लेखी गाडी एकतर चालू असते नाहीतर भंगार. जपून ठेवलेली गाडी असा तिसरा प्रकार 50 वर्षांच्या आत नाहीच. इकडे उशिराचे दर महिन्याला 500 रुपये चढत होते. सोसायटीने पार्किंग मोकळं करा म्हणून पत्र दिलं. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता."

भंगारवाल्याकडे काकू स्वतः आल्या. नको म्हटलं तरी आल्या. नोंदणी रद्द करायला चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, तुकडा लागणार होता, म्हणून तो आधी कापायचा होता. कामगाराने नंबरवरची माती फडक्याने पुसली, गॅस कटर लावला, तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या हातात दिला. त्यांनी कागद उघडून पाहिला. ज्या नंबरची नोंद दोन जिल्ह्यांत कुणाला सापडली नव्हती, तो त्या पत्र्यावर स्वच्छ वाचता येत होता. "अगं, आहे की इथे," काकू म्हणाल्या. मला काही बोलता आलं नाही.

यानंतरही मला कुणी छंद म्हणालं की राग येतो. येणारच.

प्रदूषणाचं मात्र मी झटकून टाकत नाही. या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर असतो. किलोमीटरमागे नव्या गाडीपेक्षा धूर जास्तच. पूर्वी मी स्वतः म्हणायचे, एवढी हौस असेल तर संग्रहालयात ठेवा. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, कुठलं संग्रहालय प्रत्येकाची चेतक घेणार आहे? आणि उभी गाडी टिकत नाही. टाकीत गंज धरतो, रबरी सील कडक होऊन चिरतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होऊन बसतं. गाड्या चालल्या नाहीत तर इंजिनातल्या ठिणगीचे पॉइंट सेट करणारा मेकॅनिकही उरत नाही. तरी ती जुनी मी पुरती गप्प बसत नाही. ती म्हणते, सवलतीच्या नंबरावर कुणी रोज भाजी आणायला गाडी काढली तर कोण बघणार? व्हिंटेजच्या नियमात रोजच्या वापराला बंदी आहे. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच परवानगी. तीच अट आम्हाला लावा, असं मी म्हणते. ती पाळली जाईल याची हमी मात्र मी देऊ शकत नाही.

मागणी मोठी नाही. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' 30 वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानते. आपल्याकडेही 30 ते 50 वर्षांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग हवा: वापर मर्यादित, फी झेपेल अशी, आणि जुनं पुस्तक व चासी नंबर जुळले की रजिस्टर नसलं तरी नोंद चढवण्याची सोय. हे कायद्याच्या बाहेरचं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 59 सरकारला गाडीचं आयुष्य ठरवण्याचा अधिकार देतं आणि तेच कलम प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली अशा कारणांसाठी सूटही देऊ देतं.

आम्हा सह्या गोळा करणाऱ्यांत भांडण आहे ते 'मूळ रूपात' या अटीवर. गावोगावच्या जुन्या पेट्रोल जीपना पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं, म्हणून तर त्या शेतावर चालत राहिल्या. इंजिन बदललेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही. तीच व्याख्या इथे घेतली तर या जीप पुन्हा भंगारात. सोडून दिली तर कुणीही काहीही जोडून आणेल. मला जीप आत हव्या आहेत, आमच्यातल्या निम्म्यांना नको आहेत. निवेदनातलं ते कलम अजून लिहून व्हायचं आहे. तुमच्याकडे अशी जीप असेल तर सहीच्या आधी मला तिचं पुस्तक दाखवा. इंजिनबदल त्यात कसा नोंदलाय ते बघायचं आहे.