दोष विहिरीच्या पाण्याचा नव्हता

आमचं घर देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस धरत नाही. सत्ताविसाव्या वर्षी कपाळावरच्या केसांचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागले तेव्हा मी आधी पाण्याला धरलं, मग हेल्मेटला. दोन वर्षं डोक्यावरून घ्यायला बाटलीबंद पाणी विकत आणलं, आता सांगायलाही लाज वाटते. आईने माका आणि जास्वंद घालून खोबरेल उकळून दिलं. केस चकाकले, पण जे होते तेच.

मग गणपतीला मुंबईहून आलेल्या काकांनी पायरीवरच विचारलं, "मेल्या, केस खय गेले तुझे?" स्वतः काकांच्या डोक्यावर नारळाच्या शेंडीएवढेच शिल्लक.

चतुर्थी आटोपल्यावर कुडाळला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं ते तापाबद्दल. डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, पण ते बहुतेक वेळा परत येतात. माझं तसं नव्हतं. मग डोक्याला भिंग लावून मोबाइलवर दाखवलं: मागचे केस सगळे सारख्या जाडीचे, पुढे मात्र एक जाड, शेजारचा लव असल्यासारखा. "खाऱ्या पाण्याने केस रखरखीत होतात, मधेच तुटतात. मूळ असं बारीक होत नाही," त्या म्हणाल्या. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं दुसरं संप्रेरक तयार होतं, आणि ज्यांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात त्यांची ती आक्रसत जातात. मागची मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणूनच रोपणासाठी केस तिथून घेतात. हे फक्त आजोळकडून येतं असं मी ऐकून होतो. तेही खोटं, दोन्हीकडून येतं.

औषध दोनच: 5 टक्के मिनॉक्सिडिल, एक मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला, आणि फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी. गोळीने थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते, कधी मन उदास होतं, तसं वाटलं तर लगेच सांगायचं, हे बाईंनी न विचारता सांगितलं. बायकोला दिवस असतील तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, हेही. मांजराचं मात्र मीच नंतर वाचलं: मिनॉक्सिडिल मांजराच्या जिवावर उठतं. आमची मनी माझ्याच उशीवर झोपायची. तिची गादी पडवीत गेली, अजून माझ्यावर रुसलेली आहे.

पाचव्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका. आधीपेक्षा दुप्पट! घाबरून चार दिवस सगळं बंद केलं. बाई फोनवर म्हणाल्या, जुने केस गळून नव्यांना वाट होते, थांबू नका. थांबलो असतो तर इथेच संपलं असतं. पुढे पावसाळ्यात ते द्रावण डोक्यावर वाळेचना, खाजही सुटली; फेसाचं मिनॉक्सिडिल घेतलं तेव्हा सुटलो.

दर महिन्याच्या एक तारखेला पडवीतल्या त्याच दिव्याखाली फोटो काढत होतो. चौथ्या महिन्यापर्यंत काही नाही. सातव्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला तर टाळूवरची कातडी दिसेनाशी झालेली. कोपरे मात्र गेले ते गेलेच. आणि औषध सोडलं की वर्षभरात मिळवलेलं सगळं जातं, त्यामुळे ही रोजची घासणी आता कायमचीच.

यंदा गावच्या रक्तदान शिबिरात अर्ज भरताना गोळीचं नाव लिहिलं. तिथल्या ताईंनी वाचलं आणि भर रांगेत मोठ्याने सांगितलं, "दादा, केसांची ही गोळी बंद करून महिना झाल्याशिवाय रक्त घेता येत नाही." मागे काका उभे होते.